मेघालयातल्या उभ्या गुहेत उतरायचंय? आधी वर यायला शिका

दरवर्षी दिवाळी झाली की मला तीनचार जण तरी विचारतात, की सह्याद्रीत रॅपलिंग (दोरीवरून कडा उतरणं) झालंय, वॉटरफॉल रॅपलिंग पण झालंय, आता खासी टेकड्यांमध्ये एखाद्या उभ्या गुहेत उतरायचंय तर काय काय लागेल. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे डोक्यातलं गुहेचं चित्र बदला. आपल्याकडे गुहा म्हटलं की लेणी आठवतात, म्हणजे माणसाने छिन्नीने कोरलेली. आपला दगड बेसॉल्ट, लाव्हारसाचा, तो पाण्यात विरघळत नाही. मेघालयाच्या दक्षिण कडेला, सोहरा (आपण चेरापुंजी म्हणतो ते), मावसिनराम, शेला या पट्ट्यात जो चुनखडक आहे तो समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांतून तयार झालेला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि हा खडक विरघळवत जातं. आता पाऊस किती, तर सोहऱ्यात ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पडल्याची नोंद आहे, मुंबईच्या वर्षभराच्या पावसाच्या दहापटीहून जास्त. एवढं पाणी पठाराच्या कडेवरून खाली बांगलादेशच्या सपाटीकडे जायला धडपडतं, आणि जिथे चुनखडकात फट सापडते तिथे सरळ खाली घुसतं. तीच आपली उभी गुहा. वरून बघाल तर जंगलात झुडपांमध्ये एक भोक, कडेला नेचे उगवलेले, आणि आत काळोख.

खासी भाषेत गुहेला क्रेम म्हणतात. उम म्हणजे पाणी, माव म्हणजे दगड, लुम म्हणजे टेकडी. एवढे चार शब्द आले की नकाशावरची अर्धी नावं बोलायला लागतात. गुहेच्या नावात उम असेल तर आत पाणी असणार हे धरूनच चला. क्रेम पुरी नावाची जी प्रसिद्ध गुहा आहे त्यातली पुरी श्रीखंडाबरोबरची नव्हे, परी. ती मात्र चुनखडकातली नाही, वालुकाश्मातली आहे, २०१८ मध्ये तिची मोजणी साडेचोवीस किलोमीटर भरली आणि वालुकाश्मातली जगातली सगळ्यात लांब गुहा ठरली. आणि सोहऱ्याजवळच्या क्रेम मावम्लूहमधल्या, झिरपत्या पाण्याच्या थेंबाथेंबाने वाढलेल्या एका लवणस्तंभावरून तर पृथ्वीच्या इतिहासातल्या शेवटच्या सुमारे ४२०० वर्षांच्या कालखंडालाच मेघालयन हे नाव मिळालं, तेही २०१८ मध्येच. हे एवढ्यासाठी सांगतोय की आत ज्या दगडाला तुमचा बूट लागेल तो दगड कुणाचं तरी हजारो वर्षांचं पावसाचं रेकॉर्ड असू शकतो.

कधी जायचं

नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. फेब्रुवारी सगळ्यात चांगला, मोठ्या मोहिमा पण बहुतेक त्याच सुमारास निघतात. मार्चच्या शेवटापासून तिकडे दुपारची वादळी सर यायला लागते आणि उभ्या गुहेत वरच्या ओढ्याला पाणी आलं की तुमची दोरी ज्या वाटेने लटकलीय तीच पाण्याची वाट असते. जून ते सप्टेंबर विषयच नाही. थायलंडच्या थाम लुआंगमध्ये २०१८ ला ती बारा मुलं आणि त्यांचा कोच अडकले ते जूनमध्येच, पाणी उपसायच्या कामात मदतीला आपल्या किर्लोस्करांचे इंजिनिअर गेले होते हे आठवत असेल. ती गुहा तर आडवी होती.

परवानगी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे

इथे बरेच जण माती खातात. आपल्याला सवय असते की डोंगर म्हणजे सरकारचा, फार तर फॉरेस्टची पावती फाडली की झालं. खासी टेकड्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीत येतात, तिथली जमीन बहुतांश गावाची, कुळाची किंवा खाजगी मालकीची असते. म्हणजे ते भोक ज्या जमिनीत आहे तिला मालक आहे आणि त्याच्या वर गावाचा दरबार आहे. गावच्या प्रमुखाला रांगबाह श्नोंग म्हणतात, काही भागात सरदार असतो. त्यांना भेटल्याशिवाय दोरीची बॅग गाडीतून खाली पण काढू नका.

भेटायला कसं जायचं ते सांगतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक गावं ख्रिश्चन आहेत, सगळे चर्चमध्ये असतात आणि दुकानं बंद. संध्याकाळी लोक शेतातून परत आले की जा. सोबत शिलाँगचा किंवा त्या भागातला कुणीतरी खासी बोलणारा असू द्या, हिंदी सगळीकडे चालेलच असं नाही. पुरुषांना नावाआधी बाह आणि बायकांना काँग लावतात, आपल्या भाऊ-ताईसारखं. खुब्लेई हा एकच शब्द पाठ करा, आभाराला पण चालतो आणि निरोपाला पण. घरात गेलं की क्वाय पुढे येतं, म्हणजे ओली सुपारी, विड्याचं पान आणि चुना. तो चुना त्याच खडकाचा, ज्याच्या पोटात तुम्ही उतरणार आहात. घ्या, नाही म्हणू नका, पण पहिल्यांदा अगदी छोटा तुकडा घ्या, आपल्या वाळक्या सुपारीसारखं ते नाही. मी पहिल्या वेळी ऐटीत अख्खं तोंडात टाकलं आणि पाचव्या मिनिटाला कानातून वाफा निघतायत असं वाटायला लागलं, फेब्रुवारीच्या थंडीत घामाने शर्ट भिजला आणि घरातली सगळी पोरं हसून लोळत होती. परवानगी मात्र लगेच मिळाली.

तुम्ही का आलात हे साध्या भाषेत सांगा. तिथे चुनखडक आणि कोळसा म्हणजे खाणी, त्यामुळे यंत्रं घेऊन जमीन मोजायला आलेला परका माणूस म्हणजे कंपनीचा माणूस अशी शंका येणं अगदी स्वाभाविक आहे. नकाशा काढणार, त्याची प्रत गावाला देणार, काही खणणार नाही, काही नेणार नाही, हे तोंडी सांगा आणि कागदावर पण द्या. गावातले एकदोन जण वाटाड्या आणि वरच्या राखणीसाठी ठरवा आणि त्यांना दिवसाची मजुरी द्या, घासाघीस करू नका. गुहेत देव किंवा काही अशुभ आहे असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या. सूर्य रुसून गुहेत जाऊन बसला आणि कोंबड्याने त्याला परत आणलं अशी गोष्ट खासी लोक सांगतात, आणि त्यांच्यात सूर्य बाई आहे. एखाद्या गुहेत जाऊ नका म्हणाले तर जायचं नाही, विषय संपला.

आणि एकट्यादुकट्याने ओळख नसताना जाऊ नका. शिलाँगची मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशन १९९० च्या दशकापासून ब्रायन खार्प्रान डेली यांच्या पुढाकाराने परदेशी केव्हर्सबरोबर (गुहा धुंडाळणाऱ्यांबरोबर) मोहिमा करतेय, शेकडो किलोमीटरच्या गुहा त्यांनी मोजल्यात. त्यांच्याशी किंवा अशाच अनुभवी टीमशी जोडून घ्या. तुमचं नवं भोक त्यांच्या यादीत पंधरा वर्षांपूर्वीच असण्याची शक्यता बरीच आहे.

आता वर येणं

आपले सह्याद्रीतले लोक उतरण्यात हुशार असतात, खोटं कशाला बोलू. पण कड्यावरून रॅपल केलं की खाली पायवाट असते, चालत घरी. उभ्या गुहेत खाली पायवाट नाही. जी दोरी खाली नेते तीच वर आणते, आणि वर यायला जमलं नाही तर तुम्ही विहिरीत पडलेल्या मांजरासारखे. दुसरं, आपल्या रॅपलिंगला वर कुणीतरी बिले देत असतो, म्हणजे वेगळ्या दोरीने सांभाळत असतो, किंवा खालून दोरी ओढून धरायला माणूस असतो. इथे पहिल्या उतरणाऱ्याला दोन्ही नसतं.

म्हणून एसआरटी शिका, म्हणजे एकाच दोरीवर उतरणं आणि चढणं. लागतं काय ते सांगतो. केव्हिंगचा सिट हार्नेस (कंबर-मांड्यांचा पट्टा), छातीचा पट्टा, छातीवर क्रोल, हातात जुमार (दोन्ही दोरीवर फक्त वर सरकणाऱ्या पकडी), त्याला पायाची दोरी म्हणजे फूटलूप, एक आखूड आणि एक लांब काउज टेल (हार्नेसला जोडलेला सुरक्षेचा दोरीचा तुकडा), आणि उतरायला स्टॉपसारखा डिसेंडर, म्हणजे दोरीवरून हळूहळू सोडणारं यंत्र. फिगर ऑफ एट, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराचा डिसेंडर, घरी ठेवा, त्याने दोरीला पीळ पडतो आणि लावताना काढताना हातातून निसटून खाली जातो. दोरी स्टॅटिक, म्हणजे फारशी न ताणणारी, नवख्यांसाठी १० मिलिमीटरच्या आसपासची. क्लाइंबिंगची डायनॅमिक दोरी नको, तिच्यावर चढायला लागलं की पहिली दोन मिनिटं तुम्ही नुसते यो-यो होता. नवी दोरी वापरायच्या आधी भिजवून वाळवा, ती आटते, आणि मगच मोजून लांबी लिहा. हेल्मेटवर एक मुख्य दिवा आणि त्याशिवाय आणखी दोन, तिन्ही वेगवेगळ्या बॅटरीचे. मोबाइलचा टॉर्च दिव्यात धरत नाहीत.

चढायची पद्धत बेडकासारखी: जुमार वर सरकवा, पाय पोटाशी घ्या, फूटलूपवर उभे राहा, क्रोल आपोआप वर येतो, बसा, पुन्हा तेच. हातांनी ओढत वर जायला गेलात तर दहा मीटरवर संपलात, सगळं काम मांड्यांचं आहे. लांब काउज टेल कायम जुमारला लावलेली.

हे घरी शिका, तिकडे नाही. चांगलं जाड आंब्याचं झाड पुरतं, किंवा क्लाइंबिंग वॉल, किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला पटवता आलं तर पाण्याच्या टाकीचा जिना. पण शिकवणारा एसआरटी येणारा हवा, व्हिडिओ बघून नाही. माझी किमान यादी: ३० मीटर सलग चढणं, न थांबता; अर्ध्यावर चढण्यावरून उतरण्यावर आणि उतरण्यावरून चढण्यावर बदलणं; रीबिले (दोरी मध्येच पुन्हा बांधलेली जागा) ओलांडणं, दोन्ही बाजूंनी; दोरीतली गाठ ओलांडणं; आणि दोरीवर लटकलेल्या बेशुद्ध माणसाला खाली आणणं. हे सगळं अंधारात, हातमोजे घालून, दिवा फक्त हेल्मेटवरचा. शेवटचं जमत नसेल तर टीममधल्या निदान दोघांना तरी जमलं पाहिजे, कारण हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो आणि मदत येईपर्यंत थांबू वगैरे प्रकार इथे चालत नाही. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) जवळची बटालियन गुवाहाटीला आहे, म्हणजे रस्त्यानेच कित्येक तास, आणि पुढे जंगलातली चाल वेगळी.

पोचणं, आणि भोकाच्या तोंडाशी

पोचण्याचं पटकन सांगतो. गुवाहाटीला विमानाने किंवा रेल्वेने, तिथून शिलाँग साधारण १०० किलोमीटर, शेअर सुमो मिळते. शिलाँगच्या बडा बाजारातून, ज्याला तिकडे इउदूह म्हणतात, सोहऱ्याची सुमो, पन्नासेक किलोमीटर. गमबूट आणि गुडघ्याचे पॅड बाजारात बघून घ्या, ट्रेकिंगच्या महागड्या बुटांची आत माती होते. फेब्रुवारीत तिकडे पाच-साडेपाचला अंधार पडतो, आपल्या घड्याळाच्या सवयीने निघालात तर परतीची वाट बॅटरीवर.

भोकाशी पोचलात की लगेच वाकून बघायचं नाही. ही हौस महागात पडते. कडेची माती भुसभुशीत, वर ओला पाला, खाली चाळीस मीटर मोकळं. आधी लांबच्या झाडाला सुरक्षा दोरी, काउज टेल तिला, मग कडेला जायचं. कडेचे सुटे दगड, फांद्या आधी साफ करा, खाली कुणी नसताना, कारण दोरीवरच्या माणसाला लागणारा बहुतेक दगड वरच्या माणसाच्या बुटानेच सुटलेला असतो. खोली बघायला दगड टाकायचा मोह होतो. दोन सेकंद लागले तर वीसेक मीटर, तीन सेकंद तर चाळीसच्या आसपास. पण त्यावरून मध्ये किती कपारी आहेत, खाली पाणी आहे का दगड, हे काही कळत नाही, आणि खाली वटवाघळं, बेडूक, कोण बसलंय माहीत नसतं. लेझर मीटर बरा.

अँकर, म्हणजे दोरी बांधायचा आधार, कायम दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेले. जिवंत झाड मांडीपेक्षा जाड असेल तर उत्तम. बोल्ट मारायचा असेल तर आधी हातोडीने खडक वाजवून ऐका: खणखणीत आवाज हवा, मडक्यासारखा पोकळ आला तर जागा बदला. बोल्ट स्टेनलेसचा घ्या, तिकडच्या दमटपणात साधं लोखंड टिकत नाही. दोन अँकरमधून दोरी इंग्रजी वायसारखी बांधता तेव्हा त्या दोन हातांमधला कोन ९० अंशांच्या आत ठेवा, १२० अंशाला गेला की प्रत्येक अँकरवर तुमचं पूर्ण वजन येतं, मग वाटणी कसली. आणि मुख्य तत्त्व असं की दोरी खडकाला कुठेही घासता कामा नये. कपडे वाळत घालायच्या दोरीला गच्चीची कड लागते तिथेच ती तुटते, तसंच. घासत असेल तिथे खाली आणखी एक अँकर मारून दोरी पुन्हा बांधायची, तेच रीबिले.

दोरीच्या खालच्या टोकाला गाठ. लिहून घ्या, हातावर गोंदवा हवं तर. दोरी कमी पडली आणि टोकाला गाठ नाही, तर डिसेंडर टोकावरून सरळ निघून जातो. लांबीचा हिशोब असा: खोली ३० मीटर, वरच्या अँकरपर्यंतची पोच ५, दोन रीबिलेचे दीड-दोन मीटर प्रत्येकी, गाठी आणि शेपटी ३, म्हणजे ४२ च्या आसपास. माझ्याकडे असं निघालं तर मी ५० चीच बॅग उचलतो.

उतरताना एक जण दोरीवर, खाली पोचून दोरीतून सुटला आणि दगडांच्या टप्प्यातून बाजूला झाला की जोरात दोरी मोकळी असं ओरडतो, आम्ही सगळे रोप फ्री म्हणतो. लांब केस, दाढी, हुडीची नाडी, सगळं आत खोचा, डिसेंडरमध्ये केस अडकलेला माणूस मी पाहिलाय आणि त्याची किंकाळी पण ऐकलीय. वर एक माणूस कायम, त्याच्याकडे कागदावर लिहिलेली वेळ, की अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर अमक्याला कळवायचं. हिशोब करताना चढायला उतरण्याच्या तिप्पट वेळ धरा, नवखा माणूस ३० मीटरला पंधरा मिनिटं सहज घेतो आणि पाच जण असतील तर शेवटचा खाली तासभर कुडकुडतो. तापमान फार नसतं, १८-२० अंश, पण ओले कपडे आणि नुसतं बसणं यात तेवढं पुरतं. सुती टी-शर्ट नको.

तळाशी पोचल्यावर डोकं जड वाटलं, न चढताच धाप लागली तर हवा खराब आहे, खोल बंद खड्ड्यात कुजलेला पाला आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. लगेच वर. आणि वटवाघळांच्या विष्ठेचा ढीग तुडवू नका, धूळ नाकात जाऊन फुप्फुसाचं दुखणं होतं, मास्क ठेवा. वटवाघळांच्या झुंडीवर दिवा धरून फोटो काढणाऱ्याला टीममधून काढा.

आता वही काढा

खाली गेलो, बघितलं, आलो, हे फिरणं झालं. पुढच्या टीमला, गावाला, कुणालाच त्याचा काही उपयोग नाही, आणि पाच वर्षांनी तुम्हाला स्वतःलाच आठवत नाही की डावीकडचा बोगदा बंद होता का तुम्ही दमला होता. त्यामुळे मोजायचं, आणि जाताजाताच मोजायचं, परत येताना करू म्हटलं की होत नाही.

पद्धत सोपी आहे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंत सरळ रेघ, तिची लांबी, दिशा आणि चढ-उतार. त्या ठिकाणाला स्टेशन म्हणतात. पूर्वी टेप, होकायंत्र आणि क्लायनोमीटर (उताराचा कोन मोजणारं) वापरायचे, आता डिस्टोएक्स नावाचं यंत्र आहे, बाजारातल्या लेझर मीटरमध्ये वेगळा सर्किट बोर्ड बसवलेलं, एका बटणात तिन्ही आकडे देतं आणि ब्लूटूथने फोनवरच्या टोपोड्रॉइड अ‍ॅपमध्ये पाठवतं. त्याचं कॅलिब्रेशन (यंत्र अचूक करून घेणं) तिथे पोचल्यावर करा, घरून केलेलं नको, ५६ रीडिंग असतात, कंटाळवाणं आहे पण तेच तर काम आहे. आणि लोखंड लांब ठेवा. मला एकदा दिवसभर दिशा आठ-दहा अंशांनी चुकलेल्या मिळत होत्या, यंत्र बिघडलं म्हणून शिव्या घातल्या, शेवटी कळलं की माझ्याच फोनच्या कव्हरला चुंबकाचा फ्लॅप होता.

कामं वाटून घ्या: एक जण पुढे जाऊन स्टेशन निवडतो आणि नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावतो (लाल नको, शेंदरी बरं दिसतं), एक जण यंत्र वाचतो, एक जण लिहितो आणि चित्र काढतो. वाचणाऱ्याने आकडा म्हणायचा, लिहिणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायचा. तीन ते चार, आठ पॉइंट बेचाळीस, एकशे सत्तावीस, उणे चौतीस, म्हणजे स्टेशन, लांबी, दिशा, उतार. ते उणे, म्हणजे रेघ खाली जातेय, फार महत्त्वाचं. मी एका रात्री डेटा भरताना दोन ठिकाणी उणे विसरलो आणि लॅपटॉपवर आमची गुहा डोंगराच्या माथ्यातून बाहेर येऊन आभाळात निघाली.

उभ्या भागात एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. समजा ३० मीटरची रेघ जवळपास सरळ खाली आहे, उणे ८५ अंश. आडवं अंतर फक्त २.६ मीटर. इथे होकायंत्र पाच अंशांनी चुकलं तरी जागा पंचवीस सेंटीमीटरपेक्षा कमी हलते. पण उताराचा कोन दोन अंशांनी चुकला तर जागा मीटरभर सरकते. म्हणजे आडव्या गुहेत ज्याची काळजी घेता ते इथे दुय्यम, आणि उलट. म्हणून शक्य असेल तिथे ओळंब्यासारखं सरळ खाली मोजा, प्रत्येक रीबिलेच्या बोल्टलाच स्टेशन करा म्हणजे लांब रेघेचे तुकडे पडतात, आणि खालून वर उलटं पण एकदा मोजा. आडव्या गुहेत वाटा फिरून एकमेकींना मिळतात, त्यातून चूक पकडता येते, उभ्यात असं वेटोळं मिळत नाही, त्यामुळे उलटं रीडिंग हाच पुरावा. स्टेशनची जागा १० सेंटीमीटरच्या आत, लांबी सेंटीमीटरपर्यंत, कोन एका अंशाच्या आत, असं मोजलंत तर ब्रिटिश पद्धतीच्या पाचव्या ग्रेडचा सर्व्हे होतो, तेवढं पुरे.

चित्र हे खरं काम. आकडे यंत्र घेतं, चित्र माणूसच काढतो. वॉटरप्रूफ कागद, टूबी पेन्सिल, आणि पेन्सिल दोरीने गळ्यात. उभ्या गुहेचा वरून काढलेला प्लॅन म्हणजे कपाखालचा चहाचा डाग, त्यातून काही कळत नाही, त्यामुळे मुख्य चित्र बाजूने उभं कापलेलं, म्हणजे एलेव्हेशन. त्यावर प्रत्येक टप्प्याची खोली, कपारी, पाणी कुठून येतं कुठे जातं, वारा कुठे लागतो, भिंतीवर पुराच्या पाण्याने अडकवलेल्या काटक्या किती उंचीवर आहेत, हे सगळं. काटक्यांची उंची तर नक्की, त्यावरून पावसाळ्यात इथे पाणी कुठवर भरतं ते समजतं आणि त्याखाली जेवायला बसायचं नाही हे पण समजतं. जी वाट तपासली नाही तिथे प्रश्नचिन्ह, खोटी बंद भिंत काढू नका. शेजारी दोरीचा तक्ता: कोणत्या टप्प्याला किती मीटर दोरी, किती अँकर, कुठे रीबिले.

तोंडाचं जीपीएस रीडिंग झाडीत लगेच घेऊ नका, दहा मिनिटं यंत्र ठेवून सरासरी घ्या. फोटोमध्ये माणूस हवा नाहीतर खोलीचा अंदाज येत नाही, दोरीवर मध्यावर एक जण दिवा लावून आणि तळाशी एक जण, आणि फोटोच्या क्षणी सगळ्यांनी श्वास रोखायचा, नाहीतर तोंडाच्या वाफेने सगळं धुकं. मासे, कोळी, बेडूक दिसले तर फोटो, जागा, स्टेशन नंबर, बस. हात लावायचा नाही. जैंतिया टेकड्यांमधल्या क्रेम उम लडावमध्ये जवळपास चाळीस सेंटीमीटरचा आंधळा मासा सापडल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं आणि त्याला निओलिसोकायलस प्नार हे नाव २०२३ मध्ये मिळालं, ते ओळखणं तज्ज्ञांचं काम. हाडं, भांडी दिसली तर तिथेच थांबा आणि गावाला सांगा.

त्याच रात्री

कितीही दमला असाल तरी डेटा त्याच रात्री लॅपटॉपवर. सर्व्हेक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आकडे टाकले की रेघांचा सांगाडा फिरवून बघता येतो, आणि चूक दिसली तर उद्या परत जाऊन मोजता येते. ठाण्याला परत आल्यावर दिसली तर काय करणार. वहीच्या पानांचे फोटो काढून दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा. पक्का नकाशा थेरियन या सॉफ्टवेअरमध्ये नंतर निवांत काढा, त्यावर उत्तर दिशा, स्केल, तारीख, मोजणाऱ्यांची नावं, ग्रेड आणि गुहेचं गावाने सांगितलेलं नाव. स्वतःच्या मनाने मावळा होल वगैरे नाव ठेवायचं नाही, हो, असले प्रकार होतात. नाव नसेलच तर गावाला विचारून ठरवा आणि स्पेलिंग त्यांच्याकडूनच लिहून घ्या. तोंडाचं नेमकं ठिकाण सोशल मीडियावर टाकू नका, पर्यटक आणायचे की नाही ते गाव ठरवेल.

निघायच्या आधी कच्चा नकाशा घेऊन रांगबाह श्नोंगकडे परत जा. आमच्या वेळी तिथल्या एका आजोबांनी चष्मा लावून ते एलेव्हेशन बराच वेळ बघितलं आणि तळाच्या ओढ्यावर बोट ठेवून विचारलं, हे पाणी पुढे कुठे निघतं. आम्हाला माहीत नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं की पहिल्या पावसात खालच्या गावाजवळचा एक झरा आमच्या वरच्या ओढ्यासारखाच लालसर येतो. ते आम्ही नकाशाच्या कोपऱ्यात प्रश्नचिन्हासह लिहिलं, आणि पुढच्या वर्षीची पहिली जागा ठरली.

राहिली दोरी. ती धुवायचीय, माती आत गेली की धागे आतून कापले जातात. कुठल्या ओढ्यावर धुवायची ते विचारून मगच, प्यायच्या पाण्याच्या वरच्या अंगाला अजिबात नाही. साबण नको, मऊ ब्रशने आणि भरपूर पाण्याने, आणि सावलीत वाळवा, उन्हात नाही. शिलाँगच्या हवेत दोन दिवस धरा. ओली दोरी कोरडीपेक्षा बरीच जड असते आणि विमानात १५ किलोच्या वर प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतात.